भाकरीचा मोह आणि टाळीचा मोह



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हटले, कायद्यावर बोलायला वकील मंडळी आहेत आणि ती माझ्याहून चांगले बोलतील. शिवाय त्या विषयावर मी कारखान्यांच्या फाटकांपुढे गेली तीस वर्षे बोलतोच आहे. एकदा मला दुसऱ्या विषयावर बोलू द्या. मी ख्रिस्ती आहे आणि कामगार संघटनेचे काम करतो. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, असे मला दोन्ही घरची माणसे विचारीत आली आहेत. चर्चमधले विचारतात, तुम्ही त्या झेंड्याखाली कसे उभे राहता? कारखान्यातले विचारतात, दर रविवारी तिकडे जाऊन मिळते काय? दोघांनाही मी आजवर हसून वेळ मारून नेली. आज तसे करणार नाही.

आरंभीच सांगतो की मी पंडित नाही. नववीत शाळा सुटली आणि लेथवर मदतनीस म्हणून लागलो. पुढे जे काही वाचले ते रात्रपाळी संपल्यावर, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. माझे उच्चार चुकतील, फ्रेंच नावांचे तर खात्रीने चुकतील. तेवढे सांभाळून घ्यावे.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर आमच्या पणजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला. माझ्या आजीला गावात पाणवठ्यावर ऐकवीत, "ही पोटासाठी बाटलेली माणसं." आजी म्हणे, "पोट कुणाला नाही, बाई?" आणि घागर उचलून घरी येई. लहानपणी मला वाटे, आजीला उत्तर सुचले नाही. आता वाटते, तिच्या उत्तरात मी काही भर घालू शकत नाही. भुकेल्या माणसाने भाकरी घेतली तर तो मोहाला बळी पडला, असे ज्याचे पोट भरलेले आहे त्याने म्हणू नये. भाकरीचा मोह हा भरल्या पोटी होतो. तेव्हा भाकरीचा अर्थ बदललेला असतो. ती घराची होते, बढतीची होते, मुलाच्या इंग्रजी शाळेच्या फीची होते, आणि हे सारे हातचे जाऊ नये म्हणून माणूस तोंड बंद ठेवायला शिकतो.

शुभवर्तमानात येशूच्या परीक्षेची कथा आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कामाला आरंभ करण्यापूर्वी येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहिला. तेव्हा सैतान त्याच्याकडे तीन गोष्टी घेऊन आला. या धोंड्यांच्या भाकरी कर, ही पहिली. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, ही दुसरी. मला नमन कर म्हणजे जगातली राज्ये तुझी, ही तिसरी. शेवटच्या दोहोंचा क्रम मत्तयाने एक दिला आहे आणि लूकने दुसरा. त्याचे मला पूर्वी फार कोडे पडे, हल्ली पडत नाही. तिन्ही येशूने नाकारल्या. रविवारच्या शाळेत आम्हाला ही कथा शिकवीत आणि आम्हा पोरांना वाटे, सैतान हरला, कथा संपली. परंतु लूक सांगतो की सैतान गेला तो तेवढ्यापुरता, पुन्हा संधी मिळेपर्यंत.

ती संधी पुढे कोठे आली? माझ्या अल्पमतीप्रमाणे ती योहानाच्या सहाव्या अध्यायात आली. येशूने पाच हजार माणसांना जेवू घातले. स्वतःच्या भुकेसाठी ज्याने धोंड्याची भाकरी केली नाही, त्याने दुसऱ्यांच्या भुकेसाठी पाच भाकरी पाच हजारांना पुरविल्या. जेवण झाल्यावर लोकांत कुजबुज सुरू झाली की याला धरून आपला राजा करू या. त्यांचा बेत ओळखून तो एकटाच डोंगरात निघून गेला. या जागी वाचताना मी पुष्कळदा थांबलो आहे. येथे सैतानाचे नावसुद्धा नाही. येथे आहेत ती गरीब, भुकेली, सरळ मनाची माणसे, आणि ज्याने भाकरी दिली त्याचा ती जयजयकार करू पाहत आहेत. कामगार पुढाऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. चांगला करार झाला की फाटकापुढे असेच होते. गुलाल असतो, ताशा असतो, आणि चार दणकट पोरे तुम्हाला खांद्यावर घेतात. त्या खांद्यांवरून उतरून डोंगरात निघून गेलेला पुढारी मी अद्याप पाहिलेला नाही. मी स्वतःही गेलो नाही. ते पुढे सांगणार आहे.

तुकोबांनी राजाचा नजराणा परत पाठविला, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ती ऐकणे सोपे जाते, कारण आपल्या दारी नजराणा घेऊन कोणी येत नाही. आमच्या ख्रिस्ती समाजात मला त्या कथेच्या जवळची वाटते ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी आप्तेष्ट तुटले, लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे. लोक टिळकांच्या त्यागाबद्दल बोलतात ते १८९५ च्या त्यागाबद्दल. मला १९१७ सालचे टिळक अधिक मोठे वाटतात. तोवर नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांची बरीच वर्षे गेली होती. त्यांची भक्तिगीते घरोघर गात होते, 'ज्ञानोदया'च्या पानांवर त्यांचे नाव होते, मिशनरी त्यांना मान देत होते. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेली. अशा वेळी त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही होती. परक्यांनी शिव्या दिल्या म्हणून घर सोडणे एक, आणि आपल्यांनी पाठ थोपटली असताना घर सोडणे एक. पुढे दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

परंतु आज मला मुख्यतः जी गोष्ट सांगायची आहे ती फार दूरची, फ्रान्समधली आहे. ती निवडली याचे कारण एवढेच की तिच्यात कारखाना आहे, आणि कारखान्याबाहेरचे मला फारसे कळत नाही.

मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असत. एका मोर्चाला गेलो असता, मोर्चा पांगल्यावर, तेथे मला पुठ्ठा गेलेले एक इंग्रजी पुस्तक मिळाले. पंधरा रुपयांना घेतले. फादर आंरी पेरँ नावाच्या फ्रेंच धर्मगुरूची ती रोजनिशी. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता, आणि १९४३ साली जर्मनांनी फ्रेंच तरुणांना सक्तीने आपल्या कारखान्यांत नेले. त्यांच्याबरोबर धर्मगुरू पाठविण्यास मात्र मनाई केली. तेव्हा काही फ्रेंच धर्मगुरू आपली ओळख लपवून, साधे कामगार म्हणून गेले. पेरँ त्यांतले एक. लाइप्झिगच्या कारखान्यात ते यंत्रावर उभे राहिले, पुढे पकडले गेले, तुरुंगात पडले आणि नंतर मायदेशी परत धाडले गेले. ते पुस्तक वाचायला मला चार महिने लागले. ज्या पानावर त्यांनी प्रथम यंत्राला हात लावला ते पान मला शब्दकोशाशिवाय कळले.

याच सुमारास पॅरिसमध्ये आंरी गोदँ आणि इव्हाँ दानिएल या दोन धर्मगुरूंनी एक पुस्तक लिहिले. फ्रान्स हाच आता मिशनचा मुलूख झाला आहे काय, असा त्याच्या नावातच प्रश्न होता. १९४३ साली ते छापले गेले. आफ्रिकेत आणि आशियात धर्मप्रसारक पाठविणाऱ्या फ्रान्सच्या स्वतःच्या कामगार वस्त्यांत ख्रिस्ताचे नाव कोणाला ठाऊक उरलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तीतला कामगार चर्चमध्ये गेला तर त्याला तेथली भाषा, तेथले कपडे, तेथले शिष्टाचार परके वाटतात. त्याला ख्रिस्ती व्हायचे तर आधी बाबू व्हावे लागते. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल स्युआर यांनी ते पुस्तक मनावर घेतले आणि 'पॅरिस मिशन' स्थापन झाले. गोदँ यांना ते काम पाहणे लाभले नाही. १९४४ च्या जानेवारीत, मिशनचा आरंभ होतो न होतो तोच, अपघाताने त्यांचा मृत्यू झाला. तिकडे मार्सेच्या गोदीत झाक लेव नावाचे एक डॉमिनिकन धर्मगुरू १९४१ पासूनच हमाली करीत होते. हे गृहस्थ आधी वकील होते, आणि नास्तिकही.

युद्धानंतर ही चळवळ वाढली आणि १९५० नंतर अशा कामगार-धर्मगुरूंची संख्या शंभराच्या घरात गेली. शंभर म्हणजे काहीच नाही. आमच्या एका पाळीला याहून जास्त माणसे असतात. पण त्यांनी सोडले काय ते पाहा. फ्रान्समधल्या धर्मगुरूला चर्चलगत राहते घर असे, जेवण करून देणारी बाई असे, रस्त्याने जाताना लोक टोपी काढीत. हे सगळे सोडून ही माणसे कामगार वस्तीत भाड्याच्या खोलीत राहिली, झगा काढून निळी डगली घातली, आणि भट्टीवर, गोदीत, मोटारींच्या कारखान्यात रोजावर लागली. संध्याकाळी खोलीतल्या जेवणाच्या टेबलावरच चारदोन शेजाऱ्यांसह मिस्सा करीत. कित्येकांनी सुरुवातीला आपण धर्मगुरू आहोत हे कोणाला सांगितलेही नाही. मिशेल फाव्रो नावाचे एक तरुण धर्मगुरू १९५१ साली बोर्दोच्या बंदरात ओझ्याखाली सापडून मेले. गोदीत काम केलेल्या माणसाला हे मरण ओळखीचे आहे.

येथवर ही गोष्ट सुखसोयींच्या त्यागाची आहे, आणि तशी ती सुंदर आहे. पण कारखान्यात पाऊल टाकले की प्रश्न सुरू होतात. पहिलाच प्रश्न: संघटना कोणती? फ्रान्समध्ये कॅथॉलिकांची निराळी कामगार संघटना होती. पण त्यांच्या आजूबाजूचे बहुतेक कामगार होते सेजेटी या संघटनेत, आणि तिचे नेतृत्व कम्युनिस्टांकडे. शेजारच्या यंत्रावरचा माणूस जिकडे आहे तिकडे आपण, या न्यायाने बरेच जण सेजेटीत गेले. काहींना कामगारांनी पदाधिकारी निवडले. इकडे रोमने १९४९ सालीच कम्युनिस्ट पक्षाला साथ देणाऱ्या कॅथॉलिकांविरुद्ध कडक फर्मान काढलेले. १९५२ च्या मे महिन्यात अमेरिकेचे जनरल रिजवे यांच्या आगमनाविरुद्ध पॅरिसमध्ये निदर्शने झाली, त्यांत दोन कामगार-धर्मगुरू पोलिसांच्या हाती सापडले आणि त्यांना चौकीत मारहाण झाली. धर्मगुरू आहेत हे कळल्यावरही झाली. वर्तमानपत्रांत गवगवा झाला. झगेवाल्यांना हे चालणार नाही असे एका बाजूचे लोक म्हणू लागले, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणू लागले, आता हे खरे आमचे.

हे दुसरे वाक्य ध्यानात ठेवा.

शेवटी रोमहून हुकूम आला. १९५४ च्या जानेवारीत फ्रेंच बिशपांनी आपल्या कामगार-धर्मगुरूंना पत्र धाडले की १ मार्चच्या आत अटी पाळा. संघटनेतल्या पदांचे राजीनामे द्यावेत, एकट्याने न राहता इतर धर्मगुरूंबरोबर राहावे, आणि हाताचे काम दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त करू नये. ही शेवटची अट प्रथम वाचली तेव्हा मी मोठ्याने हसलो. तीन तासांची पाळी कोणत्या कारखान्यात असते? तीन तास येणारा माणूस कामगार नसतो, पाहुणा असतो. त्याला कोणी चांगला स्टूल देईल, चहा पाजील, आणि तो गेल्यावर खऱ्या गोष्टी बोलतील. अट घालणाऱ्यांनी कधी हजेरीचे कार्ड पंच केलेले नव्हते, एवढे त्यावरून उघड होते. तरी मी रोमला निव्वळ खलनायक म्हणणार नाही. त्यांची भीती सगळीच पोकळ नव्हती. दहा तास भट्टीवर राबलेला माणूस प्रार्थना केव्हा करणार, हा प्रश्न खरा आहे. मी राबून पाहिले आहे म्हणून सांगतो. काही जण धर्मगुरूपण सोडून संसारात पडले होते, हेही खरे.

त्र्याहत्तर जणांनी मिळून निवेदन काढले की ही अट म्हणजे कामगारांना पाठ दाखविणे आहे. मग मुदत आली. साधारण निम्म्यांनी हुकूम मानला आणि निम्मे कारखान्यातच राहिले. मार्सेचे लेव यांनी मानला. पेरँ तेव्हा आल्प्सच्या भागात धरण-बोगद्याच्या कामावर होते, तेथल्या संपात त्यांनी पुढाकार घेतला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. वय अवघे चाळीस. १९५९ साली रोमने उरलासुरला दरवाजाही लावून घेतला: कारखान्यातले काम आणि धर्मगुरूचे जीवन यांचा मेळ बसत नाही.

मित्रहो, पुष्कळ वर्षे मी या गोष्टीचा निकाल मनाशी लावून टाकला होता. जे राहिले ते शूर, जे परतले ते कच्चे. मी कामगार संघटनेचा माणूस, मला दुसरे काय वाटणार? ज्यांनी हुकूम मानला त्यांनी ऊबदार घर आणि बिशपांची शाबासकी पत्करली, असे मी आमच्या अभ्यासवर्गात मोठ्या आवेशाने सांगत असे, आणि पोरे टाळ्या वाजवीत.

आता माझी गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची जरुरी नाही.

१९९८ साली संप चालू असताना व्यवस्थापनाने मला निरोप धाडला. सुपरवायझरची जागा, राहायला क्वार्टर. त्या वेळी आम्ही एका खोलीत पाच माणसे राहत होतो आणि घरात तेल उसने आणलेले होते. मी नाही म्हणालो. याचे मला फारसे श्रेय देऊ नका. तो मोह ओळखायला सोपा असतो. त्याच्या अंगाला मालकाचा वास येतो. शिवाय नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी द्वारसभेत ती हकीकत सांगता येते. मी सांगितली. संप मिटला आणि त्या वर्षी मी बिनविरोध जनरल सेक्रेटरी झालो.

२००६ साली वेतनकराराची बोलणी लागली. आमच्याकडे शंभरेक कायम कामगार आणि त्याच्या दुपटीने कंत्राटी. संघटनेचे सभासद फक्त कायम. मागणीपत्रात अकरावे कलम मी स्वतः घातले होते: सलग पाच वर्षे काम केलेल्या कंत्राटी कामगारांना कायम करावे. आठ बैठका झाल्या. नवव्या बैठकीत साहेब म्हणाले, अकरावे कलम तेवढे काढा, बाकीच्या आकड्यांवर आम्ही वाद घालणार नाही. बाकीचे आकडे म्हणजे तोवर आमच्या पट्ट्यात कोणी घेतली नव्हती एवढी पगारवाढ, आणि मागील चौदा महिन्यांचा फरक रोख. मी कमिटीकडे पाहिले. कमिटीने माझ्याकडे पाहिले. कोणी बोलले नाही. मी खिशातले पेन काढले आणि अकराव्या कलमावर रेघ मारली.

मला लाच मिळाली नाही. मला बढती मिळाली नाही. माझी वाढ इतरांइतकीच होती, एक पैसा जास्त नव्हती. म्हणून मला वाटले की माझे हात स्वच्छ आहेत. त्या संध्याकाळी फाटकापुढे गुलाल उधळला गेला, आणि त्या खांद्यांवरून मला कायम कामगारांची तोंडे दिसत होती, आणि त्यांच्या मागे, सायकलस्टँडजवळ, दुसऱ्या पाळीची वाट पाहत उभे असलेले कंत्राटी कामगारही दिसत होते. दिसत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. खांद्यावरून लांबचे चांगले दिसते.

पुढचा रविवार. आमच्या चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थनेत माझे नाव घेतले आणि आपल्या बांधवाच्या हातून इतक्या कुटुंबांचे कल्याण झाले म्हणून देवाचे आभार मानले. एरवी माझ्या झेंड्याकडे नाक मुरडणारे पंचसुद्धा त्या दिवशी हात मिळवायला आले. म्हणजे पाहा, दोन्ही घरे एकदम प्रसन्न झाली. आयुष्यात तेवढे एकदाच झाले. सर्वांत मागच्या बाकावर पेंटशॉपमधला एक कंत्राटी कामगार, बायको आणि लहान मुलगी घेऊन, बसलेला असे. सात वर्षे तो त्या पेंटशॉपमध्ये होता. उपासना सुटल्यावर तो पायरीपाशी थांबला आणि मला हात जोडून म्हणाला, "अभिनंदन, साहेब." तोवर तो मला भाऊ म्हणत असे. तसा तो टोमणा नव्हता. तो तसले बोलणारा माणूस नव्हे. त्याच्या हिशेबाने त्याने मला योग्य त्या जागी बसविले, एवढेच.

त्या रात्री मी पेरँची रोजनिशी पुन्हा काढली, आणि फ्रान्सच्या त्या १ मार्चबद्दल मी जो निकाल दिला होता तो मला टिकेना. जे परतले त्यांना रोमची शाबासकी मिळाली असेल. पण ज्या माणसांबरोबर ओझी उचलली त्यांच्या नजरेत ते पळपुटे ठरले, आणि ते सोसणे काय असते हे मी कधी विचारात घेतले नव्हते. जे राहिले त्यांनी वेदी गमावली, मिस्सा गमावली, घरच्यांच्या नजरेतून उतरले. पण कारखान्यात त्यांच्या पाठीवर थाप पडली की आता हे खरे आमचे. त्यांतला कोण श्रद्धेने वागला आणि कोण टाळीसाठी, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. बहुधा त्यांचे त्यांनाही एका रात्रीत कळले नसेल. एवढे मात्र मी मानतो की मालकाची टाळी आणि कामगाराची टाळी कानाला निरनिराळ्या लागल्या तरी डोके सारखेच फिरवितात. किंबहुना कामगाराची अधिक, कारण तिच्यात आपल्याला देवाचा आवाज ऐकू येतो.

हे ऐकून आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतील, मग काय, कामगारांचे ऐकायचे नाही? तसे मी म्हणत नाही. येशूने त्या पाच हजारांना उपाशी परत धाडले नाही. आधी भाकरी दिली, मग डोंगर गाठला. आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक त्याला शोधीत आले तेव्हा तो त्यांच्याशी असे काही बोलला की त्याचे बरेचसे अनुयायी त्याला सोडून गेले. उरलेल्या बारांना त्याने विचारले की तुम्हालाही जायचे आहे का. कामगार पुढारी म्हणून मी हा अध्याय वाचतो तेव्हा मला घाम फुटतो. एका दिवसात एवढी वर्गणी बुडविणारा पुढारी आमच्या कोणत्याही फेडरेशनने ठेवला नसता.

पुढच्या कराराच्या वेळी, २००९ साली, मी अकरावे कलम पहिले केले. सर्वसाधारण सभेत सांगितले की हे मान्य झाल्याशिवाय मी आकड्यांवर बोलणार नाही. मागून कोणीतरी ओरडले, "कंत्राट्यांची वर्गणी घ्या मग!" लोक हसले. निवडणुकीत मी पडलो, आणि काठावर नव्हे, सपशेल पडलो. ज्या पोरांनी मला खांद्यावर घेतले होते त्यांतली दोन समोरच्या पॅनेलमध्ये होती. आता येथे मी हे सांगितल्यावर आपल्यापैकी काहींना माझ्याबद्दल आदर वाटू लागला असेल, तर सावध राहा, आणि मीही सावध राहतो. पडल्याची हकीकत सांगून टाळी मिळविणे ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. मी तीन वर्षे उशिरा बोललो, आणि त्या तीन वर्षांत पेंटशॉपमधली किती माणसे हिशेब न मिळता घरी गेली ते मला ठाऊक आहे.

फ्रान्सची गोष्ट अपुरी राहिली, ती पुरी करतो. दुसरी व्हॅटिकन परिषद संपता संपता, १९६५ साली, रोमने दार पुन्हा उघडले. धर्मगुरूंना कारखान्यात पूर्ण वेळ काम करण्याची परवानगी मिळाली. तीन तासांची भाषा गेली. संघटनेचे सभासद व्हायलाही हरकत उरली नाही. फक्त पदे तूर्त घेऊ नयेत असे सांगितले. पूर्वी ही अट वाचून मला राग येई. माणसाला झेंडा धरू द्यायचा आणि बिल्ला लावू द्यायचा नाही! आता राग येत नाही. घालणाऱ्यांनी ती कोणत्या हेतूने घातली असेल ती असो, पण पद नसताना संघटनेचे काम करणे म्हणजे काय, हे मी २००९ नंतर शिकलो, आणि शिकताना पुष्कळ चडफडलो.

सध्या मी कंत्राटी कामगारांची संघटना बांधण्याचे काम करतो. कचेरी म्हणजे एका चक्कीच्या मागची दहा बाय दहाची खोली. भिंतीतून दिवसभर पिठाचा धुरळा येतो आणि पावतीपुस्तके पांढरी होतात. वर्गणी महिना वीस रुपये. पहिली दोन वर्षे पेंटशॉपमधला तो माणूस फिरकला नाही. चर्चमध्ये भेटे, नमस्कार करी, मुलीची चौकशी केली तर सांगे. मी त्याला कधी ये म्हटले नाही, मला तोंड नव्हते. मग एका शनिवारी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, तो आला. बसा म्हटले तर बसला नाही. खिशातून वीसची नोट काढून टेबलावर ठेवली. मी म्हटले, राहू द्या, पावती नंतर देतो, पुस्तक संपले आहे. तो म्हणाला, "नवीन पुस्तक काढा. मी थांबतो." मी पेटी उघडून नवे पुस्तक काढले, पहिल्या पानावर त्याचे नाव लिहिले, तारीख घातली, सही केली. त्याने पावती हातात घेतली, आकडा वाचला, सही वाचली, घडी केली, पाकिटात मुलीच्या फोटोमागे ठेवली आणि पाळीला निघून गेला.